देवाची उजवी

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
लेथचा कीस जिथं गटारात चमकतो
तिथं आमचा म्हसोबा.
गुडघ्याएवढा दगड,
पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खाऊन अंगानं सुटलेला.
बाबा त्याचे गुरव.
मोतीबिंदू पिकल्यापासून
मी बाबांचे डोळे.

कमिटीनं खांबावर पैशाचा कोड चिकटवला.
आमुशाला नवस फेडणाऱ्यांची बोटं लागून लागून
तोही शेंदरी झाला.
मोबाईल पुढं धरला की चक्र नुसतं फिरत राहतं.
बाबा म्हणतात, "देव झालाय त्यो. खरवडू नका."

परवा शर्मिष्ठाचा फोन. तातोबा सुताराची पोरगी,
रॉटरडॅमला असते. तिकडं तेव्हा दुपार.
"काका, कौल लावा.
वडलांचं लेथ विकू का ठेवू?
गिऱ्हाईक आलंय. भंगाराच्या भावानं मागतंय."

बाबांनी खाकरून घेतलं.
"लावतो की. पर देवाला तुजं तोंड दिसाय पायजे."
म्हणून मी फोन नारळाला टेकवून उभा केला,
पडदा देवाकडं करून.
ती देवाला बघत होती,
देव तिला बघत होता,
आणि मी देवाशेजारी बसून
पडद्याच्या कोपऱ्यातल्या
नखाएवढ्या देवाला.

दोन पाकळ्या भिजवून बाबांनी बोटांनीच जागा चाचपली.
उजव्या खांद्याला एक, डाव्या खांद्याला एक.
"उजवी दिलीस तर ठेवायचं.
डावी दिलीस तर इकायचं.
लेकरू लांब हाय, ताटकळत ठेवू नगंस."

गल्लीत कुठंतरी प्रेस बंद पडला.
तिच्या खोलीतलं घड्याळ इथं ऐकू यायला लागलं.

एक पाकळी सुटली.

"डावी," मी म्हणाले.
"उजवी," ती म्हणाली.

तेवढ्यात बिडाचा ट्रक रिव्हर्स घेत आला,
जमीन हादरली
आणि राहिलेली पाकळीसुद्धा
पाण्यात पहिलीच्या शेजारी जाऊन पडली.
दोघी सारख्याच. शेवंतीच्या. ओल्या.

"मला डाव्या हाताला दिसली," शर्मिष्ठा सांगत होती,
"म्हणजे देवाची उजवी.
वडलांनी शिकवलं होतं,
समोर उभं राहिलं की उलटं मोजायचं."

मीही तसंच मोजलं होतं की.
जन्मभर मोजत आलेय.
मग लक्षात आलं:
पुढचा कॅमेरा आपल्याला आरशासारखं दाखवतो,
समोरच्याला सरळ.
त्यानं एकदा उलटवलेलं
मी पुन्हा एकदा उलटवलं होतं.

दगड माझ्यापासून हातभर.
मान वळवली असती तरी दिसला असता.

बाबांनी गाऱ्हाणं घालताना डोळे मिटले होते.
उघडे असते तरी तेच.
म्हणजे त्या रात्री
म्हसोबाला तोंडासमोर बघणारी
ती एकटीच होती,
साडेसहा हजार किलोमीटरवरून.

"बाबा, पुन्हा लावू या?"
"एकाच गोष्टीचा दोनदा इचारत न्हाईत.
तिनं बघितलं न्हवं? झालं तर मग."
शर्मिष्ठा काही बोलली नाही.
फोन तिकडून हलला,
छत दिसलं, एक पांढरा दिवा,
मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

आता ते लेथ कोण चालवणार,
तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही.
बाबांनी पाकळ्या वहीच्या कागदात बांधल्या,
वर शेंदराचं बोट ओढलं.
"हे तेवढं पोस्टानं धाड.
कौल दिला तर अंगारा नको व्हय?"

पोस्टात फॉर्म भरायला बसले.
वस्तूचं वर्णन.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, फूल परदेशी जात नाही.
मी पाकळ्या पर्समध्ये घातल्या,
फक्त कागद ठेवला, शेंदराचा,
आणि लिहिलं: कागद, वापरलेला.
पुढं रकाना किमतीचा.
शून्य लिहिलं.
त्यांनी फॉर्म माझ्याकडं परत सरकवला.

"ताई, शून्य चालत नाही.
काहीतरी घाला."