गेरूचे आकडे

लोटन मिस्तरी रेडिओ दुरुस्त करायचा,
अमळनेरला, बोरीच्या पुलाकडे उतरणाऱ्या बोळात.
सेटला कान लावून म्हणायचा,
खरखर फुकट येत नई भाऊ, कोठे तरी तार सुटेल शे.
आणि असायची.
पंचवीस वर्षांत तो चुकलेला मी पाहिला नाही.
हे आधी सांगतो,
कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला खुळा म्हणाल.

मार्चात हिवतापवाली पोरगी आली,
माठ, टाक्या, कुलरची पाणी बघत
भिंतीभिंतीवर गेरूने टाकत गेली:
तारीख. भांडी चार. अळ्या दोन.
लोटनने आकडे वहीत उतरवले,
गिऱ्हाइकांच्या नावांखाली.
पलीकडच्या गल्लीत सगळी शून्यं.
शून्यच का? त्यासले आधी कोन सांगस?

मी हसलो. खोटं कशाला बोलू,
आतून बरंही वाटलं.
नळ चौथ्या दिवशी का येतो,
मिलचा भोंगा का थांबला,
पुण्याला गेलेला माझा पोरगा फोन का उचलत नाही,
सगळ्याला एकच सुटलेली तार.

मी फक्त इचारी राहिनू, तो म्हणायचा.
दुकानात माणसं वाढली, रेडिओ कमी झाले.
आधी विचारणारे बसत,
मग ठरवणारे बसू लागले.
चहा तोच, सुकलालच्या टपरीवरचा, अर्धा अर्धा.

मन्सूर घड्याळवाला,
ज्याच्याकडून लोटन जन्मभर कथील उसनं आणायचा,
एकदा येऊन सांगून गेला:
अरे, शुक्रवारी आमच्या बायका माठ पालथे घालतात,
अळ्या होतील कुठून?
तो वळताच लोटन म्हणाला,
पाहा, पाठ करीसन धाडेल शे.

जो सेट आता बोलणार नाही
त्याच्या पाठीवर लोटन खडूने फुली मारायचा,
उजवा पाय जरा लांब.
जूनमधल्या एका रात्री
त्या फुल्या पलीकडच्या दारांवर उमटल्या.
सगळ्यांचा उजवा पाय लांब.

मी पहाटे ओलं फडकं घेऊन गेलो.
पाच दारं पुसली. खडू जातो,
पण ओल वाळेपर्यंत फुली जास्तच दिसते.
सहाव्या दारात मन्सूर उभा,
त्याच्याही हातात फडकं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग मागच्या पाच ओल्या दारांकडे,
आणि हळू, आमच्याच बोलीत विचारलं,
तुले कसं समजनं?