तीन पावलं आत

साडेदहाला बस मला फाट्यावर टाकून गेली.
परतीची चार वाजता, पुढच्या गावातून, तीच शेवटची.
ड्रायव्हरने वेल्शमध्ये विचारलं, "एकटीच?"
मी टोपी कानांवर ओढली. तेच उत्तर.

वारा डावीकडून. अख्खा दिवस डावा गाल त्याचा,
उजवा माझा.
गवत जमिनीला चिकटून झोपलेलं,
काटेरी झुडपावर मात्र ऐन जानेवारीत
बलकासारखी पिवळी फुलं, कुणाला न विचारता.

दोनशे फूट खाली सीलची मादी
दगडांमधला दगड होऊन पडलेली.
हलली, तेव्हा कळलं.

पुढे वाट हवेत संपते.
जुनी पायरी, जुना खांब, आणि मग
काही नाही.
तिथे गेथिन प्रॉसर पहारीने नवे खड्डे पाडत होता.
"यंदा तीन पावलं आत," म्हणाला.
"आजोबा बटाटे काढायचे ते तिथे,"
आणि बोट दाखवलं ते सरळ लाटांवर.
कुंपणच शेत खातं, म्हणतात.
इथलं कुंपण निमूट मागे सरकतं,
भरल्या ताटावरून उठल्यासारखं.

मी खांब धरला, त्याने ठोकला.
थर्मासच्या एकाच झाकणातून चहा झाला,
बोलणं झालं ते मेंढ्यांच्या भावाचं.

साडेतीनला उजेड विझायला लागला.
नव्या वाटेने निघाले. अजून वाट नव्हतीच ती,
नुसतं ओलं गवत,
माझ्या बुटांखाली पहिल्यांदा दबणारं.

बस वेळेवर आली.
डावा गाल रात्री उशिरापर्यंत
समुद्राकडेच होता.