गुरुवार, तीन ते पाच

कॅन्टीनची चार टेबलं जोडली की वर्ग होतो.
फळ्यावर सकाळचे भाव पुसट दिसत राहतात,
वडा बारा, चहा आठ,
त्यांच्यावरच मी लिहितो : मायक्रॉन म्हणजे काय.

शिरोलीच्या या फौंड्रीत माझं काम माणसांचं.
रजा, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी.
त्यातला निर्वाह मला कळतो.

मालक विचारतात, अठरा माणसं दोन तास बसवून ठेवता,
तेवढ्यात किती बॉक्स ओतून झाले असते?
मी हिशेब देतो.
कागदावर तो दरवेळी तोट्यातच येतो.

मुबारक शिकलगार, फेटलिंगला सव्वीस वर्षं.
आज्जा तलवारींना धार लावायचा, बाप अडकित्त्यांना.
"सायेब, माझ्या आडनावातच ग्राइंडर हाय,
आता या वयात बटणं कशाला दाबाय लावताय?"
सगळे हसतात.
हसू ओसरल्यावर तोच पहिल्यांदा पेन मागतो.

दत्ता बिरांजे रसाचा रंग बघून तापमान सांगतो.
पायरोमीटर चार अंश कमी दाखवतो.
दत्ताच्या मते चूक पायरोमीटरची आहे,
आणि खरं सांगू, एकदा ती तशीच निघाली.

कोअर शॉपची शालन हेरवाडे
व्हर्नियर धरते
झोपलेल्या पोराच्या मुठीतून खडू सोडवून घ्यावा तशी.

माझा बाप उद्यमनगरात ऑइल इंजिनाची बेअरिंगं खरडायचा.
शाफ्टला निळी शाई लावायची, फिरवायचा, काढायचा,
निळं उमटेल तिथंच पातं.
त्या एका कामात त्याच्या हाताला तोड नव्हती.
त्या एका कामातच.
इंजिनांचा खप बसला त्या साली
मालकानं शाल घातली आणि नारळ दिला.
नारळ खरोखरचा होता.
आईनं तो फोडला नाही.
देव्हाऱ्याखाली वर्षानुवर्षं पडून राहिला,
केर काढताना हलला की आतून गोटा वाजायचा
आणि बाप खोलीतून उठून बाहेर जायचा.

हे मी वर्गात सांगत नाही.
वर्गात मी ड्रॉइंग वाचायला शिकवतो.

माघात किरण व्हनमाने गेला, कागलला,
साडेतीन हजार जास्त मिळाले त्याला.
मालक म्हणाले, बघा.
मी बघितलं.
जाताना त्यानं वही शालनला दिली होती,
समासात त्याच्या अक्षरात : इथं मी दोनदा चुकलो, सावकाश.

ग्राइंडिंगचा रोबो आता पॅकिंगमधून निघालाय,
पिवळा, प्लास्टिकच्या कागदात अर्धा.
मुबारक रोज डबा त्याच्या शेजारी बसून खातो.
काय ठरवतोय ते विचारायचं धाडस मला होत नाही.
परवाच्या चाचणीत तो दोन मार्कांनी राहिला.
पेपर चारदा घडी घालून खिशात ठेवला,
म्हणाला, "पुढच्या गुरुवारी परत घ्या.
आणि त्या यंत्राला सांगा, कड कुठं धारदार ऱ्हाती
ते त्याला बी ठावं न्हाई अजून."

पाचला भोंगा होतो.
सगळे उठतात, टेबलं पुन्हा सुटी होतात.
फळा मी पुसत नाही, वेळच नसतो.
रात्रपाळीचा आचारी येतो
आणि मायक्रॉनवरच लिहितो :
अंडाकरी पस्तीस.