प्रॉम्प्टर

ऑक्टोबरपासून संहिता माझ्या हातात.
सिंकपाशी ती, डिशवॉशरला टेकून मी,
एक मिनिट वीस सेकंदांचं स्वगत.
बापाची बोट विकायला काढलेली कुणी मुलगी
गिऱ्हाइकाला सांगते,
"बोट न्या. दोर मात्र माझा."
‘मात्र’वर एवढी रेंगाळू नकोस, मी म्हणायचे.
आई, तू फक्त शब्द सांग, ती म्हणायची.

जानेवारीत शिकागो.
टोलेडोहून चार तास, आडवा बर्फ,
मागच्या खिडकीशी हँगरला काळा ड्रेस
वळणावळणाला झुलणारा, तिसऱ्या माणसासारखा.
हॉटेलच्या सतराव्या मजल्यावर
भिंतींशी बोलणारी पोरं,
एक जण तर बर्फाच्या मशीनशी कडकडून भांडत होता.
आम्ही आया पर्सा पोटाशी धरून रांगेत.
दोन दिवस. सहा दारं.
आमच्याकडे तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो.
इथे कुणीतरी यादी घेऊन डोकावायचं,
"शालमॅली?"
आणि ती आत जायची, शाल्मली, माझी,
नि दोन मिनिटांत बाहेर
गालावर दुसऱ्याच कुणाच्या बापाचं रडू घेऊन.

मार्चमध्ये निकाल. हल्ली पाकीट येत नाही,
फोन मांडीवर थरथरतो, संपलं.
पहिला नकार जेवताना. तिने वरणभात संपवला.
दुसरा गणिताच्या तासाला.
तिसरा-चौथा एकाच दुपारी, जोडीने आलेल्या पाहुण्यांसारखे,
"यंदा फार गुणी मुलं आली होती," दोघांचंही तेच.
मग आणखी एक घेतली असती
तर काय छत कोसळलं असतं?

पाचवा नकार आला त्या संध्याकाळी
दोन घरं पलीकडचा टोबायस दारात, कोटाशिवाय.
त्याला तिथेच मिळालं होतं.
त्याच्या तोंडून शब्द फुटेना.
"सांग ना, गाढवा," म्हणत तिने त्याला मिठी मारली,
दोघं पायपुसण्यावर नाचली.
मी जिन्यात उभी. खोटा सूर कुठे लागतो
ते ऐकायची सवय जडलेली.
नाही लागला.
शोधत होते याचीच लाज वाटली.
रात्री शॉवर चाळीस मिनिटं चालू होता.
मी दार वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फार्मसीत
गोळ्या पाच-पाच करून मोजताना
माझ्या तोंडून निसटलं, "बोट न्या. दोर मात्र माझा."
काउंटरपलीकडे कोवाल्चिक आजोबा, रक्तदाबाचे.
"माझी तर अठ्ठ्याण्णवमध्येच विकली," म्हणाले.
आणि दोर?
"कुत्रा बांधायचो. आता कुत्राही नाही.
असेल गॅरेजात कुठेतरी."

सहावं दार ओहायोतलंच.
त्या मजल्यावर त्यांच्यापुढे रांगच नव्हती,
खुर्चीवरच्या बाईंनी तिला पाणी विचारलं होतं.
होकार.
ती नाचली नाही. दोनदा वाचलं,
मग शिष्यवृत्तीचा आकडा, मग वसतिगृहाचं भाडं.
नकाराचं बरं असतं, तो उत्तर मागत नाही.
होकाराला मात्र एक मेपर्यंत काहीतरी कळवावं लागतं.
आणि आपण कुणाला हवे आहोत
हे पटवून घ्यायला
नको असण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, बहुतेक.

एप्रिलच्या शेवटी, भांडी आवरून झाल्यावर,
"आई, एकदा म्हणू?"
कशासाठी, मी विचारलं नाही.
संहिता सापडली नाही, लागणारही नव्हती.
ती सिंकपाशी उभी राहिली, ओल्या हातांनी,
हळू, जवळजवळ कुजबुजत,
बापाबद्दल, बोटीबद्दल,
"बोट न्या," म्हणाली
आणि गप्प.

नळाचा एक थेंब. फ्रिजची घरघर.
"दोर मात्र," मी पुरवलं.

"विसरले नव्हते गं," ती म्हणाली.
"थांबले होते."