चौथ्या अक्षराची कमान

कुताइसीत पावाला पुरी म्हणतात.
आपली नव्हे, तेलात टम्म फुगणारी.
ही लांबट, होडीसारखी,
भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेली.

झुझुनाच्या दुकानावर तेवढाच शब्द होता,
चार अक्षरं, बिद्झिनानं रंगवलेली.
वीज नसलेल्या एका हिवाळ्यात
पाटी त्याच भट्टीत गेली,
सरपण संपलं म्हणून.
त्याबद्दल ती बोलत नाही.

उरला एक फोटो:
कुणाची तरी वरात, मागे पाटी,
अंगठ्याएवढी.

नेस्तान तो स्कॅन करते, मोठा करते,
आणखी मोठा,
आणि अक्षरं विरून जातात.
काळे, करडे, मळके चौकोन;
आपण कशाचा भाग आहोत
एकालाही ठाऊक नाही.

मग ती कोरी खिडकी उघडते.
एक बिंदू ठेवते. दूर दुसरा.
मधे रेघ येते, कुणी न ओढता.
बिंदूला दोन मिशा फुटतात, झुरळासारख्या.
मिशी ओढली की रेघ वळते,
जिकडे ओढाल तिकडे, पण आपल्या चालीनं.

‘व्हेक्टर म्हणतात याला.’
झुझुना शब्द चघळून बघते, सोडून देते.
‘पण चित्र ठेवतेस कुठे?’
‘चित्र ठेवतच नाही. कृती ठेवते.
इथून निघ, तिकडे झुक, तिथे पोच.
यंत्र दर वेळी नव्यानं काढतं.’
हे तिला लगेच पटतं.
तिनंही कधी पाव साठवला नाही.

‘केवढी होईल?’
‘नखाएवढी. नाहीतर रिओनीवरच्या पुलाएवढी.
कड तितकीच धारदार.’
‘पूल नको. माझ्या दारावर मावू दे.’

चौथं अक्षर म्हणजे नुसती कमान.
तीन बिंदूंत झाली,
गुळगुळीत, अंड्यासारखी.

‘ही त्याची नाही,’ झुझुना म्हणते.
‘तो शिडीवर होता. मी खालून हाक मारली.
इथे हात हलला त्याचा.’
बोट स्क्रीनला टेकतं,
पिठाचा ठसा राहतो.

नेस्तान तीन बिंदू पुसते.
ठशाखाली अकरा ठेवते,
मिशीमिशीनं एक थरथर
बांधत नेते.
अर्धा तास. मागून करपल्याचा वास,
झुझुना धावते, काळ्या दोन पुऱ्या घेऊन परतते,
डोळे बारीक करून बघते.

‘जास्त झालं.
एवढा काही दचकला नव्हता तो.’

नेस्तान सातव्या बिंदूची मिशी
केसभर मागे घेते.