अठरा किलो पांढरी

धारूरच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर असतो.
भरली गाडी, रिकामी गाडी,
वजाबाकी करायची, पावती फाडायची.
शुक्रवारी काटा बंद.
शुक्रवारी पहाटे खाजा दारात घंटी वाजवतो,
हळू, एकदाच, बायको जागी होऊ नये अशी.

त्याची सायकल त्यानंच जुळवलेली.
सांगाडा हैदराबादच्या भंगारातला,
गिअर सात, चालतात पाच,
टायर मगरीच्या पाठीचे.
माझीही त्याच्याकडचीच, हप्त्यानं.
"जुम्म्याच्या आधी परत," तो म्हणतो.
दर वेळी म्हणतो.

डांबर संपतं. शाळूत अजून अंधार,
करडई काट्याकाट्यावर दव धरून उभी.
मग मुरूम, मग नुसते गोटे.
सगळा मुलूख काळ्या दगडाचा,
आणि एका वळणावर, काही न सांगता,
माळ पांढरा होतो.

चुनखडीचा. चाकाखाली पापडासारखा मोडणारा.
खडे कुठं दाताएवढे, कुठं टिटवीच्या अंड्याएवढे,
म्हणजे त्यात खरं अंडं असलं तरी कळायचं नाही,
म्हणून खाजा जुन्याच चाकोरीतून जातो
आणि मी त्याच्या.

चढाला तो बोलायचा थांबतो.
छाती हँडलला, बूड सीटला,
उठलास की मागचं चाक जागीच भिरभिरतं.
ऐकू येते चेन, आपलाच भाता,
निसटून खाली गेलेला एखादा खडा
किती खाली गेला ते.
तरवडातून तितर फडफडलं
आणि माझा पाय टेकला.
खाजाचा नाही टेकला.

वर वारा, लांब पवनचक्क्या,
आणि एक बाई खड्ड्यात बसून खुरप्यानं माती काढत होती.
सागरबाई. येळवस तोंडावर आलेली,
रानातले पांडव पांढरे करायचे, भिंती पोतारायच्या.
"तुमी काय न्यायला आलात?"
खाजानं माझ्याकडं पाहिलं.
"काही नाही, मावशी. असंच."
"असंच तर शेळीबी चढत नाही वर."

मग ती काही बोलली नाही.
पोतं नुसतं उभं केलं, माझ्या बाजूला.
मी उचलून पाहिलं, सवयीनं.
"अठरा किलो."
"पोत्याचं वजन वजा केलं का?"

आठवडाभर मी त्या उताराची वाट पाहतो.
दोन बोटं ब्रेकवर, गुडघे सैल,
डोळ्यांत पाणी, पोटात खड्डा.
आज पोतं दांड्यावर आडवं बांधलं
आणि हँडल धरून चालू लागलो.
खाजा थांबला नाही, त्याला जुम्मा होता.
सुटला.

उतरणारा माणूस मी वरून कधी पाहिला नव्हता.
पांढऱ्या धुळीचं शेपूट,
त्याच्या पुढं एक लहान काळा ठिपका,
वळणावर कलणारा, हिवरापाशी हवेत,
मग आवाज, उशिरा, खडखड,
जणू दुसऱ्याच कुणाचा.
"पडंल ते," सागरबाई म्हणाली.
पडला नाही.

आम्ही तासभर उतरलो.
तिनं दाखवलं, लांडगा कुठं बसतो,
कोणत्या झऱ्याचं पाणी वरण शिजू देत नाही,
भाऊ लहान असताना कुठून घसरला ते.
त्याच जागेवरून मी दर शुक्रवारी
चाळीसच्या वेगानं जातो.
मागच्या चाकात सराटा शिरला होता,
हवा जात होती, आम्ही जात होतो.
खाली उतरलो तेव्हा ऊन काळ्या रानात पसरलेलं
आणि मागं वळलो तर माळ
वाळत घातलेल्या धोतरासारखा.

शनिवारी बुटातून एक खडा निघाला.
काट्याच्या मधोमध नेऊन ठेवला.
आकडा हलला नाही.
दहा किलोच्या खाली तो काही दाखवत नाही.
वाकून पाहत होतो,
मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.