पाण्याचा लॅडल

आमच्याकडे नोटीस तीन भाषांत लावावी लागते.
कन्नड वर, ठळक. मग इंग्रजी.
मराठी सगळ्यांत खाली, जिथं वाळू उडून चिकटते
आणि जिथं सगळे आधी बघतात.

‘कामावर नशा करून येणाऱ्यास’
इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

शट्टुप्पा सोळा वर्षं ओततोय.
लॅडलच्या एका दांड्याला तो, दुसऱ्याला भावकू,
मधे चौदाशे अंशांचं लोखंड.
एकाचं पाऊल चुकलं की
जळतो दुसराच.

पुडी सापडली मंगळवारी,
कपडे बदलायच्या खोलीत, कुंद्याच्या रिकाम्या डबीत.
मुकादमानं ती माझ्या टेबलावर आणून ठेवली
मेलेली पाल ठेवावी तशी.

‘रातीला ओढतो, बाई. पाळी सुटल्यावर. परड्यात.
डोळे मिटले की भट्टीच दिसूलालीय.
दोन दम मारले की विझते.’

बाबा असते तर कानाखाली वाजवली असती
आणि संध्याकाळी त्याच्या घरी
तांदळाचं पोतं पाठवलं असतं.
त्या काळी धोरण म्हणजे एवढंच.

हुबळीहून सल्लागार आला. खोक्यात पन्नास कप.
लघवी घ्या, पट्टी बुडवा, रेघ बघा,
काढून टाका, कागदपत्रं मी करतो.
मी विचारलं, ही रेघ काल रात्रीची
की मागच्या पंधरवड्यातली?
‘मॅडम, रेघ ती रेघ.’

आमच्या भागात हे वाक्य
इतक्या सहज कुणी बोलत नाही.

आणि सोमवारी सकाळी अर्ध्या पाळीच्या तोंडाला
जो वास येतो, त्याच्यासाठी कप कुणी आणले नाहीत.
भुजंगाचा पाय भाजला तेव्हाही नाही.
तो शुद्धीत होता. सलग तिसऱ्या पाळीवर होता.
ओव्हरटाइमच्या कागदावर सही माझी होती.

उपाय बसलिंगप्पानं काढला, बैलहोंगलचा,
भट्टीवर केस पिकलेला.
रिकामा लॅडल, काठोकाठ पाणी,
चुन्याची रेघ, बावीस पावलं.
पण बाहेर, अंगणात. आत पाण्याचा थेंब नको,
थेंबानं लोखंड उसळतं, हे पोरांनाही ठाऊक.
‘नीर सुळ्ळ हेळंगिल्ल,’ म्हणाला.
पाणी खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला सगळे,
जोडीजोडीनं. टेम्पोवाले फाटकात उभे राहून हसायचे.
सांडलं तर त्या दिवशी भट्टी नाही.
चाळणीवर वाळू. पगार पूर्ण.
कारण विचारायचं नाही: ताप असो, भांडण असो,
पोराचं दात येणं असो, परड्यातला धूर असो.

शुक्रवारी बसलिंगप्पानं दांडा माझ्यापुढे धरला.
तोंडानं काही बोलला नाही.
रात्रभर बँकेचे आकडे जुळवत बसले होते.
अकराव्या पावलाला माझ्या चपलेवर पाणी.
हसलं कुणीच नाही, तेच वाईट.
मी ऑफिसात गेले. दिवसभर भट्टीकडे फिरकले नाही.

शट्टुप्पाला बुधवारी अर्धा दिवस दिलाय, पगारी,
सिव्हिलमध्ये, झोपेसाठी.
दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला नाही.
त्या गुरुवारी त्याचं सांडलं.
माझ्याकडे न बघता त्यानं चाळणी उचलली.
रागावले. मग मुकादमाला म्हटलं,
पुढच्या बुधवारी तू सोबत जा.

नोटीस पुरी झाली. नशा हा शब्द राहिलाच नाही तिच्यात.
‘ओतण्याआधी बावीस पावलं. सर्वांनी.’
वरची कन्नड ओळ बसलिंगप्पानं सांगितली,
एल्लारू, आणि माझा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.

पन्नास कप कपाटावर आहेत, खोक्यातच.

चुन्याची रेघ टेम्पोच्या चाकांनी रोज पुसते.
रोज कुणीतरी नवी मारतो.
आज शट्टुप्पा वाकला होता, डबा घेऊन.
जराशी वाकडी आली.
तशीच ठेवली.